चार मात्रा कोऱ्या

खाली सही करणारा मी, वय सत्तेचाळीस, धंदा गिटार वाजवणे व शिकवणे, राहणार इस्त्रीच्या दुकानावरचा तिसरा मजला, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हाताचा दाखला कोणी मागितला नाही. उजवा अंगठा गेल्या वर्षीच गेला. पेन पहिल्या दोन बोटांच्या चिमटीत धरून लिहितो. स्नायूंचा हा आजार हातापासून सुरू होतो आणि श्वासापाशी थांबतो. डॉक्टर म्हणतात, हिवाळा दिसेल. पुढचे ते बोलत नाहीत.

वकीलबाईंनी बजावले आहे की खाडाखोड करायची नाही. तेव्हा चुकीचे लिहिले गेले तर ते तसेच राहील आणि त्याची दुरुस्ती पुढे होईल.

१. दोन्ही खोल्या माझ्या एकुलत्या मुलीला. तिची आई ती आठ वर्षांची असताना वारली, त्यामुळे दुसरा वारस नाही. मागच्या खोलीत आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवले आहेत. ते काढले तर रंगही निघेल, याबद्दल दिलगीर आहे.

२. बँकेत उरेल तेही तिचेच. किती उरेल ते आजारपण ठरवील.

३. मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारे लाकडी यंत्र, थोरल्या भावाला. माझ्या वाजवण्याला दादा जन्मभर तुणतुणे म्हणत आला. परवा भेटायला आला तेव्हा आधी त्याने छताची ओल पाहिली, मग मला. "खोल्यांचं काय ठरवलंस?" "पोरीला." "ती उद्या लग्न करून जाईल." "मग कुलूप लावून जाईल." त्याला सगळ्याचीच घाई असते, म्हणून हे यंत्र त्याला.

दुरुस्ती: वरचे वाक्य कोतेपणाचे आहे. आमच्या आईच्या शेवटच्या दोन महिन्यांत दवाखान्यात दादा बसला, मी कार्यक्रम करत फिरलो. यंत्र त्याला द्यावे. कारण सांगू नये.

४. गिटार दुरुस्त करणारा माझा मित्र, ज्याला आम्ही डिंक्या म्हणतो, त्याला माझी हत्यारे द्यायची होती. पण या पत्राला साक्षीदार म्हणूनही मला तोच हवा होता. ज्याला काही मिळते त्याने साक्षीला सही करू नये, असे वकीलबाई म्हणाल्या. डिंक्या म्हणाला, "मग नको देऊस. तुझ्या कानशी तशाही बोथट आहेत." तेव्हा त्याला काही देत नाही.

५. शिकवणीच्या वह्या ज्या विद्यार्थ्याला हव्या त्याने न्याव्यात. त्यांत सोलोबद्दल वीस वर्षे तेच लिहिले आहे. साध्या गिटारचा स्वर छेडल्या क्षणापासून विझायला लागतो. त्याला लांबवायला वीज नाही. म्हणून घाबरून स्वरांची गर्दी करू नका. आधी तोंडाने म्हणा. जे म्हणता येत नाही ते वाजवू नका. जिथे श्वास संपतो तिथे बोट उचला. जाड तार मोकळी वाजती ठेवा, म्हणजे पायाखालची जमीन जात नाही. आणि थांबलात की थांबा. हे सर्व खरे आहे. शिकवणाऱ्याने ते पाळले नाही, ते पुढच्या कलमात.

६. सहा वर्षांपूर्वी शिकवणीच्या वार्षिक कार्यक्रमात मुलगी सोलो वाजवत होती आणि मी शेजारी बसून साथ देत होतो. ती एकोणीस वर्षांची होती. चाल तिनेच बांधली होती. शेवटच्या ओळीला मी साथ थांबवायची, एवढे ठरले होते. तिथे ती एकटी काय करणार हे तिने सांगितले नव्हते. ती वरच्या स्वरांवरून खाली आली, पाच स्वर वाजवले, जाड तार मोकळी छेडली आणि हात उचलला. एक मात्रा गेली. दुसरी गेली. मी मध्ये शिरलो आणि एक जलद तान घेऊन ओळ संपवली. टाळ्या पडल्या. माझ्या तानेला पडल्या.

आत गेल्यावर मी म्हणालो, "विसरलीस ना? सावरून घेतलं."

"विसरले नव्हते, बाबा. चार मात्रा सोडल्या होत्या. तार विझेपर्यंत."

"मला वाटलं, अडकलीस."

"सगळ्यांना थांबायला तूच शिकवतोस ना?"

तिने गिटार पेटीत ठेवली. पेटी नंतर उघडली नाही.

त्या दिवसाच्या डायरीत मी लिहिले आहे: 'पोर अडखळली. निभावले.' अंगठा गेल्यावर जुनी ध्वनिमुद्रणे ऐकत बसलो, त्यात हेही निघाले. तार विझत असताना तिच्या चपलेचा ठोका ऐकू येतो. एक, दोन. विसरलेल्या माणसाचा पाय चुकतो. तिचा चुकलेला नाही. मुद्रण मागच्या रांगेतून झाले होते. मी तिच्यापासून दोन हातांवर होतो.

मला तो ठोका ऐकू आला नाही, असे सहा वर्षे स्वतःला सांगितले. तो आला होता. सभागृह तिच्यासाठी जसे गप्प झाले तसे माझ्यासाठी कधी झाले नव्हते, आणि ते मला सहन झाले नाही. हे कलम पूर्ण शुद्धीत लिहिले आहे. याला दुरुस्ती नाही.

७. माझी गिटार मुलीला. तिने वाजवावी अशी अट घालता येईल का, असे मी विचारले होते, हे कबूल करतो. वकीलबाई म्हणाल्या, "पाळली की नाही ते बघायला तुम्ही असणार नाही." अट नाही. विकली तरी चालेल. ठेवलीच तर तारा सैल कराव्यात, नाहीतर ताणाने मान वाकते.

मुलगी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते आणि दर रविवारी येते. मला भरवते, हवापाण्याचे बोलते. गेल्या महिन्यात तिने माझ्या उजव्या हाताची नखे कापली. तार छेडायला ती मी तीस वर्षे राखली होती. "ठेवू का थोडी?" तिने विचारले. "काप." तिने कापली, कागदात गुंडाळली आणि कागद कुठे टाकावा हे न कळून बराच वेळ हातात धरून बसली.

८. श्वास बंद पडू लागला की यंत्र लावू नये. अंत्यविधीला कोणीही काहीही वाजवू नये.

९. डायऱ्या जाळाव्यात. त्यांतले कलम ६ मध्ये उतरवले आहे, तेवढे पुरे.

१०. हे कलम मुलीच्या माफीसाठी राखले होते. तीन दिवस मजकूर जुळवला. प्रत्येक वाक्य शेवटी तिच्याकडून काहीतरी मागत होते. म्हणून चार ओळी सोडतो. वकीलबाई म्हणाल्या, "मृत्युपत्रात कोरी जागा सोडत नाहीत. मागाहून कोणीही काहीही भरतं." मी म्हणालो, "माहीत आहे मला." साक्षीदारांनी त्या कोऱ्या पाहून सही करावी.

______________________

______________________

______________________

______________________

वरच्या ओळी विसरून राहिलेल्या नाहीत.

स्थळ: राहते घर, पुढची खोली
तारीख: नऊ ऑगस्ट, सकाळी अकरा
सही: (लिहून देणार)

साक्षीदार १: उपचार करणारे डॉक्टर. लिहून देणार शुद्धीत होते. आमच्यासमोर सही केली, मध्ये दोनदा थांबून. आम्ही मदत केली नाही. (सही)

साक्षीदार २: गिटार दुरुस्त करणारा. चार ओळी मोजल्या, कोऱ्या आहेत. त्या तशाच राहतील हे मी बघेन. (सही)