झाकण उघडू नये, या अटीवर

मी, पद्माबाई सटवाजी पाईकराव, सेवानिवृत्त अंगणवाडी मदतनीस, राहणार आखाडा बाळापूर, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. भीती मात्र भरपूर आहे. डोके ठिकाणावर आहे, काळजाचे पाणी पाणी झाले आहे. पण त्याला कायद्याची हरकत नसावी.

कारण असे की, उद्या नांदेडच्या दवाखान्यात माझ्या पोटातली गाठ काढणार आहेत. डॉक्टर हसून म्हणाले, "काही नाही हो मावशी, झोपून उठल्यासारखं वाटेल." झोपून उठलेच नाही तर कसे वाटेल, हे त्यांनी सांगितले नाही. आज दुपारच्या जीपने निघायचे आहे.

१. घर मुलगा प्रेमानंद आणि सून शीतल या दोघांच्या नावे, बरोबरीने. "आई, तिचं नाव काहून?" असे प्रेमानंदाने विचारले. तो असे विचारतो, म्हणूनच.

२. पोस्टातली शिल्लक व कानातली फुले मुलगी ज्योती हिला. म्हैस शीतलला. ती दुसऱ्या कोणाला धार काढू देत नाही, मला तर लाथ मारते. विकू नये.

३. विरजण शीतलला. त्याची हकीकत अशी. प्रेमानंद तान्हा असताना त्याला हगवण लागली. दहीभात चारा म्हणाले. घरात दही नव्हते, म्हणून वाटी घेऊन वरच्या गल्लीतल्या रुख्मिणीबाईंच्या दारात गेले. त्या म्हणाल्या, "दिवे लागायच्या टायमाला विरजण देत न्हाईत, बाई." तेव्हा ऊन डोक्यावर होते. काय ते मला समजले. रडत परत आले तर शेजारची जैनबबी म्हणाली, "दूध में मिरच्या के देठां डाल गे. किसी के दरवाजे पे कायकू जाती?" हिरव्या मिरच्यांच्या देठांवर दही लागले. तेच दही आजवर या घरात चालत आले आहे. जैनबबीला काही लिहून द्यावेसे फार वाटते, पण साक्षीदाराला देता येत नाही, असे शेजारचे निवृत्त गुरुजी शेषराव सांगतात.

४. रुख्मिणीबाईंनी किंवा त्यांच्या घरच्यांनी विरजण मागितले तर द्यावे. दिवेलागणीला मागितले तरी द्यावे. मात्र दारातून देऊ नये. त्यांनी आत यावे, बसावे, आपल्या कपातला चहा प्यावा, मग वाटी न्यावी.

५. दही बिघडल्यास. तार सुटली तर विरजण शिळे आहे. ते टाकून देठांवर नवे लावावे. पाणी सुटले तर दूध कढत होते. करंगळीला सोसेल इतके निवू द्यावे. लवकर आंबले तर विरजण जास्त झाले, हावरटपणा करू नये. थंडीत भांडे गोधडीत गुंडाळून ज्वारीच्या पिठाच्या डब्यात ठेवावे.

एवढे सगळे मला येते, तरी पोटात गाठ आहे हे कळल्यापासून या घरात दही लागलेले नाही. मी आधी शीतलला बोलले, मग भांड्याला, मग म्हशीच्या सरकीच्या ढेपेला. शेवटी शीतल म्हणाली, "आत्याबाई, रागावू नका. तुमीच घडीघडी झाकण काढून बघून राहिल्या, भांडं हलवून राहिल्या. मंग कसं लागंल?"

खरे आहे. बघितल्याशिवाय मला राहवतच नव्हते. दही लागले तर मी वाचेन, असे मनाने कधी धरले ते कळलेच नाही. आम्ही धम्माच्या घरचे, शकुन-अपशकुन मानत नाही. बायकांना हेच सांगत मी गावभर फिरले. आता मीच दह्याला कौल लावून बसले आहे.

६. माझ्यामागे भंतेजींना बोलवून वंदना घ्यावी. तेराव्याचे जेवण घालू नये. रडायचे त्याने रडावे, पण म्हशीची वेळ चुकवू नये.

७. मी परत आले तर हे मृत्युपत्र रद्द. घरावर शीतलचे नाव मात्र तेव्हाही लावावे.

८. आज संध्याकाळी शीतलने दही लावावे. सकाळपर्यंत झाकण कोणी उघडू नये. उघडणारी तर गावात नसेलच. उद्या मला आत नेण्याआधी तिने प्रेमानंदाच्या फोनवर दह्याचे काय झाले ते सांगावे. या घरात मी जन्मभर कोणाचे खोटे खपवून घेतले नाही. पण शीतल, माय, उद्या भांड्यात काहीबी असू दे, तू लागलं म्हण. मला लई भेव वाटून राहिलंय.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे.

सही: पद्माबाई सटवाजी पाईकराव

आमच्यासमोर सही केली, म्हणून साक्षीदार:
१) शेषराव, निवृत्त शिक्षक (सही)
२) जैनबबी (सही उर्दूत)

ठिकाण: आखाडा बाळापूर
दिनांक: १२ जानेवारी २०२५