दादाचा कप

मंगळवार, संध्याकाळ. अवसरी.

डोकं नुसतं तापलंय. आईनं आज दादाचा चहाचा कप वेगळा केला. ओळखू यावा म्हणून त्याच्या कानाला लाल नेलपॉलिश लावलं. तेही माझंच!

सकाळी पुण्यात डॉक्टर मॅडमनी किती नीट समजावलं होतं. एक व्हायरस असतो, थुंकीतून लहानपणीच जवळजवळ सगळ्यांच्या अंगात शिरतो आणि जन्मभर मुक्काम ठोकतो. बहुतेकांना काही करत नाही. एखाद्याच्याच लिम्फोमाशी, म्हणजे गाठींच्या कॅन्सरशी, त्याचा संबंध लागतो, तसा दादाच्या लागलाय. कॅन्सर उष्ट्यानं पसरत नाही, हे तर दोनदा सांगितलं. आईनं काय ऐकलं? व्हायरस आणि थुंकी.

"आई, तो तुझ्याही अंगात असणार!" मी ओरडलेच.

"आसंल. पण घरात लेकरं हायेत. मी काय वाईटासाठी करते व्हय?"

लेकरं दादाचीच. तो चहा प्यायला, कप स्वतःच विसळला आणि बाकीच्या भांड्यांपासून लांब, खिडकीत पालथा घातला.

ते बघून तिडीक गेली डोक्यात. गावच्या हॉटेलात आपल्या लोकांचा कप बाहेर वेगळा असायचा. पिऊन झाल्यावर आजोबा तो असाच विसळून पालथा घालायचे. धम्म घेतल्यावर त्यांनी त्या हॉटेलाची पायरी चढली नाही. ही गोष्ट लेकरांना सांगतं कोण? आईच. डोळ्यांत पाणी आणून.

नेलपॉलिशची बाटली काढून घेतलीय. सकाळी घरातल्या सगळ्याच कपांना लावणार. आईच्या कपाला सगळ्यात आधी.