आईची पहिली चाळणी

॥ जय जिनेंद्र ॥

सातारा, १० नोव्हेंबर २०२४

चि. भरतेश यास अक्काचे अ. उ. आ. वि. वि.

पत्र बघून दचकशील. पण घरी फोन केला की आईला ऐकू यावं म्हणून स्पीकर लागतो, आणि तुझा मोबाईल सदा आर्जवच्या हातात. तुझं पोरगं आजीला सगळं वाचून दाखवतं. म्हणून हे दुकानाच्या पत्त्यावर टाकतेय. हळदीच्या पोत्यावर बसून एकट्यानं वाच.

इकडे आम्ही बरे आहोत. माझ्या शिकवण्या चालू आहेत. यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन जानेवारीत ठरलंय.

आता मुद्द्याचं. अण्णा गेल्यावर आईच्या नावचे पैसे शेअरमध्ये घालायचं ठरलं, तेव्हा आपण काम वाटून घेतलं होतं. आकडे माझे. कंपनीवर कर्ज किती, भांडवलावर परतावा किती, नफा नुसता कागदावर आहे की रोकड खरंच हातात येते, मालकांनी आपले शेअर गहाण टाकलेत का, हे मी बघायचं. पण त्याच्याआधीची पहिली चाळणी आईची. दारू नाही, मांस नाही, चामडं नाही, कोंबड्या-अंडी नाहीत. ओटीपी तिच्या मोबाईलवर येतो आणि तो वाचून दाखवण्याआधी ती दरवेळी विचारते की ही कंपनी काय बनवते. त्याचं उत्तर शोधायचं काम तुझं, कारण तू तिच्याजवळ.

शाल्मली बायोकेम तू सुचवलीस. माझ्या आकड्यांतून ती इतकी झकास पार झाली की मी तुझ्याकडे पेढे मागितले होते. या तिमाहीत तिचा नफा घसरला, म्हणून कारण शोधायला मी अख्खा वार्षिक अहवाल वाचला. कच्चा माल महागला म्हणे. कच्चा माल काय, माहीत आहे? जनावरांची हाडं! कत्तलखान्यातून आलेली, भरडलेली. त्याचं जिलेटिन करतात आणि त्या जिलेटिनच्या कॅप्सूल.

ते पान मी दोनदा वाचलं. तुला हे माहीत नसणार असं धरून लिहितेय. ताबडतोब कळव.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी अक्का,
चंदना



॥ जय जिनेंद्र ॥

सांगली, १८ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. अक्कास भरतेशचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पोत्यावर बसूनच वाचलं. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? मला माहीत होतं. घेतानाच माहीत होतं. आईला मी सांगितलं की औषधाला लागणारा माल बनवते. त्यात चुकलं काय? औषधालाच लागतो की तो!

आणि जगात कॅप्सूल कोण गिळत नाही गं? आईसुद्धा मिरजेच्या डॉक्टरांनी दिलेली रोज घेतेच की. तुझ्याच आकड्यांत पहिली आली ती कंपनी. पाच वर्षांत तिप्पट झाली. बाकीच्या तुझ्या शुद्ध सात्त्विक कंपन्या आहेत तिथंच आहेत. त्या पाईपवालीनं काय दिवे लावले ते बघ एकदा.

मूळ गोष्ट तुला ठाऊक आहे. जानेवारीत गावच्या बस्तीत नव्या मूर्तीचं पंचकल्याणक आहे. मागं पहिल्या अभिषेकाच्या मानासाठी अण्णांनी बोली लावली होती आणि भर मंडपात त्यांना माघार घ्यावी लागली. आईच्या मनातनं ते काही जात नाही. या खेपेला अण्णांच्या नावानं मान घ्यायचाच, म्हणून ती वर्षभर डोळे लावून बसलीय. तेवढे पैसे या एका कंपनीतनंच निघणार आहेत. आता तिला सांगून काय साधणार आहेस? शहात्तर वर्षांच्या बाईचं मन कशाला मोडतीस?

दाजींना नमस्कार. रागाव, पण लोभ कमी करू नको.

तुझा,
भरतेश



॥ जय जिनेंद्र ॥

सातारा, २४ नोव्हेंबर २०२४

चि. भरतेश यास,

आशीर्वाद लिहायला हात वळत नाही. तरी अ. उ. आ.

आई कॅप्सूल घेते म्हणे! अरे, जरा तरी लाज वाटू दे. ती कॅप्सूल फोडते, आतली पूड गुळाच्या पाण्यात कालवून तोंड वेडंवाकडं करत पिते आणि वरचं टरफल कागदात गुंडाळून टाकून देते. का, ते तुला पक्कं माहीत आहे, कारण डॉक्टरांना विचारायला तूच तिला मिरजेला घेऊन गेला होतास. रोज सकाळी ती तुझ्यासमोर ते कडूजहर औषध घेते आणि तू चहा पीत बघतोस. जिलेटिन म्हणजे काय हे तिला तुझ्याइतकंच कळतं. म्हणूनच तो शब्द तू तिच्यापुढं काढला नाहीस.

माझंही सांगते. पाच वर्षं मी इथं डोळे फोडून आकडे तपासत राहिले आणि मनात निर्धास्त होते, की पहिली चाळणी भरतेशनं धरलीय, मला तिकडे बघायला नको. सख्ख्या भावाच्या कामावर पुन्हा नजर टाकायची असते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. केसानं गळा कापलास माझा. आणि तिचा विश्वास तर तू विकून खाल्लास.

आता नीट ऐक. ती कंपनी विकून टाक. पण विकण्याआधी आईला खरं काय ते सांग. त्यातला एक रुपया देवापुढं जाता कामा नये. तुझ्या तोंडून कळलं तर ती रडेल आणि तुला पोटाशी धरेल. दुसऱ्या कुणाकडून कळलं तर तुझ्या हातचं पाणी पिणार नाही. म्हणून मी गप्प आहे. अभिषेकाच्या आत तू सांगितलं नाहीस, तर मी येऊन सांगेन.

लोभ राहिला की नाही, ते तुझ्या पुढच्या पत्रावर ठरेल.

अक्का



॥ जय जिनेंद्र ॥

सांगली, २० डिसेंबर २०२४

ती. सौ. अक्कास शि. सा. न. वि. वि.

सांगितलं. तू लिहिलं होतंस तसंच झालं, खूप रडली. मग माझ्या डोक्यावरनं हात फिरवला आणि म्हणाली की ती कंपनी काढून टाक, सगळे पैसे पांजरपोळाला दे, तिथल्या गुरांना तरी चारा होईल. त्याप्रमाणं विकली आणि पैसे भरून आलो. मानासाठी ती आपली बँकेतली ठेव मोडणार आहे.

तिनं एकच बजावलंय, की चंदीला सांग, हा विषय माझ्यापुढं पुन्हा कुणी काढायचा नाही. तेवढं पाळ.

दाजींचं ऑपरेशन नेमकं अभिषेकाच्याच आठवड्यात आल्यामुळं तुझं येणं होणार नाही, याचं वाईट वाटलं. पण लय हलकं वाटतंय गं अक्का. तू कान धरलास म्हणून सुटलो. आता तरी पहिल्यासारखा लोभ असू दे.

तुझा,
भरतेश



॥ जय जिनेंद्र ॥

सांगली, १९ जानेवारी २०२५

चि. सौ. चंदनास आईचा लय लय आशीर्वाद.

फोनवर मला धड ऐकू येत न्हाई, म्हणून बसून लिवते. चौथीपत्तूर शिकले ते आता उपयोगी पडतंय. जावईबापूंचा डोळा कसा हाय? इतक्यात पेपर वाचू देऊ नको. माझं बरं हाय. औषध अजून फोडूनच घेते. कडू लागतंय, पर नेम तो नेम.

मान मिळाला बघ! समोरच्यांनी लय ताणलं, पर भरतेश हटला न्हाई. माइकवर तुझ्या अण्णांचं नाव पुकारलं, तवा माझ्या डोळ्याला धार लागली. पहिला कलश भरतेश आन् कीर्तीनं ढाळला. सुनेनं माझा हात बी कलशाला लावून घेतला. तू तेवढी पायजे हुतीस.

आता तुला रागावते. एवढी चांगली औषधाची कंपनी, ती तू विकायला लावलीस म्हणं! भरतेश म्हणला, अक्काच्या आकड्यात नापास झाली. लय कडक गं बाई तुझे आकडे. पर एका अर्थी बरंच झालं. तिचेच पैसे मानाला पुरले, माझ्या ठेवीला हात लावावा लागला न्हाई. सगळेच्या सगळे देवाच्या पायाशी वाहिले. त्या कंपनीचं देव भलं करो.

विकताना बी मी नेम मोडला न्हाई बरं. मोबाईल वाजला, आकडे आले, पर मी हातात तसाच धरून बसले. पैसे देवाला जायचे, म्हणून भरतेशला दोनदा विचारलं, की ही काय बनवत हुती. त्यानं माझ्या पायाला हात लावून सांगितलं, की आजारी माणसाचं औषध. मग मी एकेक आकडा वाचून दाखवला.

हे पत्र कीर्तीकडं टपालात टाकायला देते, भरतेशच्या खिशात ते तसंच राहील. कामात लय गुंतलेला असतो गं तो. माझ्यामागं तुमी दोघंच एकमेकाला. तुझ्या भावावर लोभ ठेव.

तुझी आई,
चंपाबाई