वसंताचा मूळ कोड

सोमवार, संध्याकाळ

हिचा गुडघा बरा, सूनबाईचा ताप उतरला, माझा खोकला तसाच.

सातपूरच्या कारखान्याने ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर नवीन घेतलं, तर मी आणि वसंताने मिळून लिहिलेलं प्लगिन, म्हणजे त्याला जोडायचा छोटा प्रोग्राम, त्यात उघडेना. नव्या कंपायलरवर, म्हणजे लिहिलेल्या कोडची चालती फाइल करून देणाऱ्या प्रोग्रामवर, पुन्हा तयार करायला हवं. माझा भाग झाला. पण वसंता गेला, आणि त्याने लिहिलेल्या गणिताच्या भागाची जुन्या कंपायलरवरची तयार फाइल तेवढी माझ्याकडे, ती नव्यात चालत नाही. मूळ कोड नाही. पिठाचे परत गहू कसे करू?

शेवटी त्याच्या लेकीला फोन केला.

"काका, बाबांचा कॉम्प्युटर भंगारात दिला हो. काही महत्त्वाचं होतं का त्यात?"

"छे गं, सहज विचारलं. जेवायला ये एकदा."

उद्या कारखान्याला नाही म्हणून कळवायचं. वसंताच्या हातचं एवढंच अजून चालत होतं.