शिफारस क्रमांक चार

९ मार्च

तीर्थरूप मावशी,

शिरसाष्टांग नमस्कार लिहिला की तू हसतेस, म्हणून साधाच नमस्कार. गुडघा कसा आहे? माझं बरं चाललंय. परवा निकाल लागला. व्यवस्थापनाच्या वर्गात मी दुसरी आले आणि माझा अहवाल पहिला आला. सरांनी तो वर्गात उंच धरून दाखवला. मला बाकाखाली जाऊन बसावंसं वाटत होतं.

तुझा निरोप आईकडून कळला. तुझ्याबरोबर चादरींच्या घड्या घालणाऱ्या थोरलीला कामावर परत घ्या म्हणून हॉस्पिटलच्या लाँड्रीच्या साहेबांना मी चांगल्या भाषेत अर्ज लिहून द्यायचा. शेजारीण माझ्यावर तोंडसुख घेत होती तेव्हा तू तिला गप्प केलंस, हेही आईने सांगितलं. "पोरीने दिसलं ते लिहिलं. साहेबांनी त्यातून नको ते काढलं, त्याला ती काय करणार?" असं म्हणालीस म्हणे.

अर्जाचं सांगते, पण मला जरा मागून सुरुवात करावी लागेल.

तू साहेबांकडे शब्द टाकलास म्हणून मला हॉस्पिटलच्या लाँड्रीत तीन आठवडे बसू दिलं. माणसं मिळून काम कशी करतात, हा माझा विषय. माणसं आपापसात जी कामं वाटून घेतात तीही एक संघटनाच असते, असं आम्हाला शिकवतात, हे मी चहाच्या सुट्टीत सांगितलं. त्यावर थोरली म्हणाली, "अगं बाई, मग आम्ही केव्हाच्याच साहेब झालो की!" किती हसलात तुम्ही सगळ्या!

दोन दिवस मला काहीच कळलं नाही. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. तू आणि थोरली चादरीची दोन-दोन टोकं धरता, ताणता, जवळ येता. डाग मात्र एकटी तूच बघतेस. दिसला की चादरीला दोन हलके झटके देतेस, थोरली तिची टोकं सोडते आणि चादर परत धुवायला जाते. थोरलीला जवळचं धड दिसत नाही, हे अख्ख्या लाँड्रीला माहीत होतं आणि साहेबांना नव्हतं. सात वर्षं! घड्या तिच्याइतक्या सरळ कुणाच्याच नाहीत, आणि तुमच्या टेबलावरून डागाची एक चादर वॉर्डात गेली नाही.

"हे तेवढं लिहू नकोस हं," तू म्हणालीस. "वेडी आहेस का मावशी?" मी म्हणाले.

आणि लिहिलं. माझ्याकडे दुसरं होतंच काय? नुसती कपड्यांची वजनं आणि वेळा. सर म्हणाले होते की यात जीव नाही. तुमचं प्रकरण घातल्यावर त्यांचा चेहरा खुलला. नावं मी कुठेच दिली नाहीत, तुम्हाला 'अ' आणि 'ब' केलं. फार काळजी घेतली असं मला वाटलं. मग त्याच पानावर खोलीचा आराखडा काढला, मोजून मापून, खिडकी आणि नळासकट, आणि खिडकीजवळच्या टेबलावर 'अ' आणि 'ब' लिहिलं. इतकी हुशार मी.

अहवालाची एक प्रत साहेबांनाही द्यावी लागली. ती वाचून त्यांनी थोरलीची परीक्षा घेतली, त्या दिवशी मला मुद्दाम बोलावलं होतं. थोरलीच्या हातात एकच चादर दिली आणि डाग शोधायला सांगितलं. तिने ती काठापासून काठापर्यंत बोटांनी चाचपली आणि म्हणाली, "स्वच्छ आहे, साहेब." मधोमध तळहाताएवढा पिवळा डाग होता. तू त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलंस. मी वहीत मान घातली. तरी तू शेजारणीशी माझ्यासाठी भांडतेस.

अर्ज मी लिहिला, मावशी. सोमवारी स्वतः घेऊनही गेले. साहेबांनी चहा मागवला, अर्ज वाचला, कपाटातून माझाच अहवाल काढला, एकाहत्तरावं पान उघडलं आणि मोठ्याने वाचलं: 'तपासणीची जबाबदारी प्रत्येक कामगारावर स्वतंत्रपणे टाकावी व तशी चाचणी घ्यावी.' मग म्हणाले, "मी तुमच्याच वाक्याबाहेर पाऊल टाकलं नाही."

शिफारस क्रमांक चार. साहेबांनी काही काढलं नाही. ती मी लिहिली. शिफारशींशिवाय अहवाल म्हणजे नुसती गोष्ट, असं सर म्हणाले, म्हणून एका दुपारी वाचनालयात बसून पाच लिहून काढल्या. चौथी लिहिताना थोरली डोळ्यांसमोर आली होती. मला माहीत नव्हतं असं म्हणू नकोस. मला माहीत होतं. वाक्य चांगलं जमलं होतं, ते खोडवेना.

तिची नोकरी माझ्या अर्जाने परत येणार नाही. म्हणून तुला अर्जाची नक्कल पाठवत नाही, माझ्या प्रतीतलं एकाहत्तरावं पान फाडून पाठवते आहे. तू रोज संध्याकाळी तिच्याकडे जातेस ना? तिला ते वाचून दाखव. तीही मला निर्दोष समजते म्हणे. मधलं एकही वाक्य गाळू नकोस. तिच्या वाटणीचं इतकी वर्षं तूच बघत आलीस, एवढं आणखी बघ.

उत्तर आलं नाही तरी समजेन. खाली सवयीने 'तुझी लाडकी' लिहिलं होतं, ते खोडलंय.

तुझ्या बहिणीची मुलगी