बाबांच्या कानातलं स्टेशन

४ नोव्हेंबर
हर्सूलला राहायला आलो. दोन खोल्या, पुढं मोठा ओटा, वारा भरपूर. सिल्लोडहून निघताना बाबा कुरकुरत होते. इथं सामान उतरायच्या आत सगळ्या गल्लीला जयभीम करून आले. उद्यापासून मी उस्मानपुऱ्यातल्या दुकानात रुजू, ॲम्प्लिफायर-इन्व्हर्टर दुरुस्तीला. घरामागं मोकळं रान, त्यात रेडिओचा टॉवर. बाबा म्हणाले, "लई उंच हाय, तनुजा."

६ नोव्हेंबर
बाबांच्या कानाच्या मशीनमध्ये रेडिओ लागतो. मशीन जुनं, खिशात ठेवायचं; कानापर्यंतची वायर एरियलसारखी टॉवरचं सगळं ओढून घेते. दिवसभर गाणी, बाजारभाव. माझं बोलणं त्यात बुडून जातं.

९ नोव्हेंबर
वायरीला बारीक कॉइल आणि कपॅसिटर जोडून फिल्टर केला. तीनदा फसला, मग जमला. स्टेशन पार गेलं. बाबा डोळे मिटून माझं बोलणं ऐकत राहिले. मग म्हणाले, गाण्यांच्या खाली कुणीतरी बोलत होतं, ते अजून बोलतंय.

११ नोव्हेंबर
मी मशीन कानाला लावलं. नुसती खरखर. बाबा म्हणतात, बाई आहे. टॉवरपाशी रडते.

१२ नोव्हेंबर
बाबा म्हणतात, तो आवाज माझा, तनुजाचा आहे. "मी इथं अडकलेय, बाबा मला सोडवा," म्हणते. मी समोर बसून भाकरी थापत होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. म्हणाले, "मग तू कोण?"

१४ नोव्हेंबर
माझ्या हातचं खात नाहीत. हनुवटीवरची लहानपणीच्या टाक्याची खूण दाखवली, आईच्या आठवणी सांगितल्या. म्हणाले, तीबी हेच सांगती. मशीन काढून घेतलं. तरी ऐकू येतंच, म्हणाले.

१५ नोव्हेंबर
फिल्टर कापून टाकला, मशीन परत बाबांच्या कानाला लावलं. ती गाणी परत येऊ देत, तिला झाकू देत. काही आलं नाही. टॉवरच्या वॉचमनला, कडुबाला, विचारलं. दुरुस्तीसाठी ट्रान्समीटर दहा तारखेपासूनच बंद आहे, म्हणाला. मग बाबा ऐकतात ते —

१६ नोव्हेंबर, दुपार
बाबा घरात नाहीत. मी टॉवरकडं पळाले. कडुबा माझ्याकडं बघतच राहिला. म्हणाला, बाबा आत्ताच गेले की घरी. तुमचाच हात धरून —

१६, त्यानंतर
ओट्यावर आहे. आतून कडी. बाबा हसताहेत, किती दिवसांनी. ताट वाढल्याचा आवाज. कुणीतरी त्यांना अजून अर्धी भाकरी घ्या म्हणतंय. माझाच आवाज —

दार बडवलं. हाका मारल्या. आतून बाबा तिला म्हणाले, "तनुजा, तू भिऊ नको. मी बघतो तिच्याकडं."

कडी निघाली. बाबा एकटेच बाहेर आले. हातात कुऱ्हाड. माझ्याकडंच येताहेत. बाबा, मीच आहे — बाबा, मी तनु