हलके घे

बाबा, तुमची नात परवा मनालीला गेली. आधी नुसतं 'गेली' एवढंच लिहिलं होतं. ते वाचून माझाच जीव घाबरा झाला, म्हणून गावाचं नाव जोडलं. घरात आता कोणी नाही. हॉलमध्ये तुमचं लोखंडी कपाट आहे, त्याला टेकून आठवडाभर ज्या फळ्या उभ्या होत्या त्यांचे फरशीवर ओरखडे आहेत, आणि मी आहे. कामावर गेले नाही. कंपनीत फोन करून बरं नाही म्हणून सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. तुम्हाला लिहून काही होणार नाही हे मला कळतं. पण ज्या एका शब्दावरून माझा जीव टांगणीला लागलाय, तो शब्द तुमचा आहे. दुसऱ्या कोणाला सांगायला गेले तर हसतील.

तुम्ही बर्फ पाहिलात तो फ्रिजच्या वरच्या कप्प्यात, तेव्हा आधी समजावते. स्की म्हणजे पायाखाली बांधायच्या लांब, पुढून वर वळलेल्या फळ्या. पर्यटक जातात तिथे रोपवे वर नेऊन सोडतो आणि माणसं घसरत खाली येतात. हिला ते नको. हिला रोपवे नाही, रस्ता नाही, माणूस नाही अशा डोंगरावर स्वतःच्या पायांनी चढायचं असतं. चढताना फळीच्या तळाला एक केसाळ पट्टी चिकटवतात, त्यामुळे फळी पुढे सरकते पण मागे घसरत नाही. बुटाचा चवडा तेवढा अडकवलेला, टाच मोकळी. वर पोचलं की पट्ट्या सोलून काढायच्या, टाचही पक्की करायची, बुटाचा खटका दाबायचा, की इतका वेळ चालू देणारा तोच बूट घोटा आवळून धरतो. मग उतरायचं. आता मेख अशी, की चढायला सामान हलकं हवं, कारण पायावरचं वजन प्रत्येक पावलाला नव्याने उचलावं लागतं. आणि उतरायला भारी हवं, कारण बर्फ गोठून टणक झाला की हलकी फळी थडथडते, हलका बूट वाकतो, आणि तोल जातो. बूट हलका आणि फळी जड असंही चालत नाही, त्या बुटाला ती फळी वळवता येत नाही. जोडी जमावी लागते, लग्नासारखी, असं ती एकदा म्हणाली आणि माझ्याकडे बघून तिने विषय बदलला. माझ्या जोडीचं काय झालं ते तिने लहानपणीच पाहिलंय.

तुमच्या तोंडी 'हलका' हा शब्द शिवीसारखा यायचा. हलका माल, हलकं कापड, हलक्या कानाचा माणूस. जे चांगलं ते भारी. जून महिना आला की तुम्ही मला विठ्ठलवाडीच्या घरून चालत उल्हासनगरच्या बाजारात न्यायचात, शाळेचे बूट घ्यायला. तो गोरापान सिंधी दुकानदार मला अजून दिसतो, गुडघ्यावर बसून माझ्या पायात बूट चढवणारा. "साहेब, बेबी को ये दो. एकदम हलका. पहना है, पता भी नहीं चलेगा." आणि तुम्ही, "हलका नहीं मंगता. भारीवाला दिखाव." मग दोन हातांत दोन बूट घेऊन, डोळे मिटून, तुम्ही भर दुकानात तराजू व्हायचात. जो हात खाली जायचा तो जोड घरी यायचा. वर्गातल्या मुली मी व्हरांड्यात असतानाच म्हणायच्या, आला बघ टांगा. मी घरी येऊन रडायचे, बाबा, पाय दुखतात. तुम्ही वर्तमानपत्रातून मान वर न करता सांगायचात, "दुखू दे. बूट टिकतील ना?"

टिकायचे. ते नाकारता येत नाही. कुकर, कढई, पंखा, तुमचं सगळं टिकलं. बदलापूरला मांजर्लीत राहायला आले, तेव्हा तळमजल्यावर होते, आणि एका पावसाळ्यात नदी घरात शिरली, तेव्हा शेजाऱ्यांचं प्लायवुडचं कपाट तरंगत जिन्यापाशी गेलं. तुमचं जागचं हललं नाही. त्या दिवशी चिखल उपसता उपसता मी त्याच्या दाराला हात लावून म्हटलं होतं, बरोबर होतात हो तुम्ही. पुढे मलाही नोकरी लागली ती वजनाचीच, अंबरनाथच्या औषधाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेतल्या काट्यावर. दिवसभर पावडरी मोजते. म्हणून तर तुमची नात म्हणते, आई, वजनातलं तुला कळतं.

मागच्या हिवाळ्यात ती पडली. भाड्याचं सामान होतं, जड, रोपवेवाल्यांचं. चढूनच पाय संपले होते म्हणते, उतरताना गुडघ्याने ऐकलं नाही. आतला बंध तुटला. तिला चादरीत घालून मित्रांनी रस्त्यापर्यंत आणलं. ऑपरेशन झालं, आणि मग माझी पोर याच हॉलमध्ये भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. जेव म्हटलं की दोन घास खायची, बोल म्हटलं की हो म्हणायची. व्यायाम करून घ्यायला मी तिचा पाय उचलायचे तेव्हा तो एका हातात यायचा. मांडीत काही उरलंच नव्हतं. लोक सांगत होते, बरं झालं, आता डोंगराचं खूळ जाईल. खूळ गेलं असतं तर तिच्यात बाकी काय राहिलं असतं, ते मी त्या महिन्यांत रोज बघत होते. जाऊ दिलं तर डोंगर, ठेवून घेतलं तर ती भिंत. हे मी कोणाला सांगू?

दिवाळीनंतर ती उठली. चांदेरी किल्ल्याच्या वाटेवर जाऊन आली, आधी पायथ्यापर्यंत, मग वर. आणि गेल्या आठवड्यात एका ओळखीच्या मुलीकडून सामानाचे दोन संच घेऊन आली. एक हलका, एक भारी, दोन्ही पायाला नीट बसणारे. एक ठेवायचा आणि एक रविवारी परत करायचा. मग सुरू झालं जिना चढणं-उतरणं. आता आम्ही वरच्या मजल्यावर राहतो आणि इमारतीत लिफ्ट नाही, त्यामुळे सगळ्यांना दर्शन. खालच्या काकू म्हणाल्या, "अगं, ही काय रोबोट झाली काय? आणि त्या फळ्या कसल्या, देव्हारा करताय?" ती हसत होती. संध्याकाळी बूट काढून गुडघ्याला बर्फ लावत बसायची, मग हसायची नाही.

"आई, तू सांग. हलके घेऊ की भारी?"

"मला काय कळतंय त्यातलं."

"बाकी सगळ्यांना विचारून झालं. जो तो आपापलं सांगतो. भारी घेतले तर चढताना गुडघा थकेल, मागच्यासारखं होईल. हलके घेतले तर उतरताना धरायला काही नाही. आय मीन, दोन्ही खरंय. तू सांगशील ते घेईन. तुझ्यावर सोडलं."

बाबा, असं कोणी कोणावर सोडतं का हो? ती आंघोळीला गेल्यावर मी दोन्हींतला एकेक बूट हातात घेतला. कंपनीतला काटा सूक्ष्म पावडरीसाठी, घरातला रवा-साखरेसाठी. मी तुमचा घेतला. डोळे मिटले. डावा हात लगेच खाली गेला आणि मला बरं वाटलं, भारी, ठरलं. मग उजव्या हातात काय आहे ते जाणवलं आणि मला तुम्ही आठवलात. शेवटच्या दिवसांतले. विठ्ठलवाडीच्या घरात मी एकटी तुम्हाला पलंगावरून उचलून मोरीपर्यंत नेत होते, आणि मला धापही लागत नव्हती. तुम्ही माझ्या खांद्यावर मान टेकून म्हणालात, "हलका माल झालो बघ, बाळ." तुम्हाला मला हसवायचं होतं. मी चिडून म्हटलं, गप्प बसा. त्या दिवसापासून मला हलकी गोष्ट हातात धरवत नाही. काट्यावर कागद ठेवतानासुद्धा मी तो घट्ट धरते. मी ते बूट खाली ठेवले आणि कणिक मळायला लागले.

रविवार उजाडला. दुपारी ती मुलगी सामान न्यायला येणार होती. मी ओट्याशी दुधी चिरत होते. तुमची नात भारी बूट घालून चौथ्यांदा की पाचव्यांदा जिना चढून आली आणि दारातच बसली. तोंड पांढरं पडलेलं, हात गुडघ्यावर. "आई, सांग ना गं. ती येईल आता." आणि माझ्या तोंडून, माझ्याच तोंडून निघालं, "तुला मरायचंच असेल तर बूट कुठले का असेनात."

ती खाली बघून बुटाचे चाप सोडायला लागली. एकेक चाप सुटल्याचा आवाज येत होता. कुकरची शिट्टी झाली. मी गॅस बंद केला. असलं अभद्र आपण बोललो, आणि तेही बाहेर निघालेल्या पोरीला, म्हणून माझे कान गरम झाले होते. सॉरी म्हणायची आपल्या घरात पद्धत नाही, तुम्ही कधी म्हटलं नाहीत, मलाही जमत नाही. तिच्याकडे पाठ करूनच मी म्हटलं, "हलके घे गं."

चापांचा आवाज थांबला. "नक्की?"

मला वाटलं, राग खरंच गेला का असं विचारतेय. "नक्की. मनापासून सांगते."

ती एका पायात बूट, एका पायात मोजा अशी लंगडत आली आणि तिने मागून मिठी मारली. माझ्या पाठीला तिचे डोळे ओले लागले. "मला वाटलंच नव्हतं तू हलके म्हणशील. मला वाटलं, तू आजोबांची मुलगी, भारीच सांगणार. पण मलाही तेच वाटत होतं, आई. पाय उचलला गेला तरच पुढचं सगळं." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी वळले. अगं, ते बुटांचं नव्हतं, एवढं म्हणायला तोंड उघडलंसुद्धा. पण ती हॉलमध्ये भारी बूट खोक्यात भरत होती, आणि भरता भरता गुणगुणत होती. त्या भिंतीपाशी. जवळजवळ वर्षाने मी तिचा तो आवाज ऐकत होते. दारावरची बेल वाजली, ती मुलगी आली, चहा प्यायली, भारी फळ्या आणि बूट घेऊन रिक्षात बसून गेली. मी हातात सुरी धरून उभी. संध्याकाळपर्यंत सांगू शकले असते. रात्री जेवतानाही. परवा स्टेशनवर सामान चढवेपर्यंत सांगू शकले असते.

तुम्ही हिच्यासाठी वाळे आणले होते ते आठवतात? चांदीचे, अर्थात भारीतले. तिच्या पायाला ते धोंड्यासारखे होते. ती धरून उभी राहायची, एक पाय उचलायला बघायची आणि बसायची. तुम्ही अंथरुणावरून म्हणायचात, "असू दे, ताकद येईल." तुम्ही गेल्यावर त्या वाळ्यांचा आवाज मला सोसवेना, म्हणून तुमच्या दिवसांतच मी ते काढून ठेवले. पुढच्या काही दिवसांत ती चालायला लागली. वयच झालं होतं तिचं, वाळे असते तरी चालली असती. पण परवा गाडी सुटल्यापासून मी त्यालाच धरून बसलेय. कपाट उघडून वाळे बाहेर काढले, हातात घेतले, परत ठेवले. या कपाटातच हा कागदही ठेवीन, दुसरीकडे कुठे पाठवणार? मला देवाला काही मागता येत नाही, आणि तुम्हाला मागायचं तर तुम्ही आयुष्यभर उलटंच सांगत आलात. कडक बर्फ लागू नये. लागला तर त्या बुटाने तिला धरावं. वाकू नये. बाबा, एकदाच तो हलका माल टिकू द्या.

मघाशी तिचा फोन आला होता. पोचली. आज सगळ्यांनी जवळच्याच उतारावर सामान वापरून पाहिलं, परवा पहाटे वर निघतील, मग फोन लागणार नाही. गुडघा बरा आहे म्हणाली, पाय हातासारखा उचलला जातोय म्हणाली. मी सांगणार होते, शपथ. पण मागून कोणीतरी तिला विचारलं, इतके हलके कसे काय घेतलेस, आणि ती फोन बाजूला धरून म्हणाली, "माझ्या आईने निवडलेत. वजनातलं तिला बरोबर कळतं." तिच्या आवाजात इतका भरवसा होता की मी नुसतं जेवलीस का विचारलं आणि फोन ठेवला.

मी काही निवडलं नव्हतं, बाबा. मी तिची माफी मागत होते.